‘बोर्ड गेलाय’ म्हणण्याआधी: लॅपटॉप चालूच होत नसेल तर

चिपळूणच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. चार वर्षं वापरलेला लॅपटॉप रात्री नीट बंद करून ठेवला, सकाळी बटण दाबलं तर काहीच नाही. चार्जर लावला तरी एकही दिवा लागत नाही. जवळच्या दुकानात नेला, तर तिथे बटण दाबून पाहिलं आणि ‘बोर्ड गेलाय, नवीन टाकावा लागेल’ असं सांगितलं. खर्चाचा आकडा ऐकून त्या लॅपटॉप घेऊन परत आल्या. आत शाळेची निकालपत्रकं आणि घरचे फोटो आहेत, बॅकअप नाही. घरच्या घरी काय तपासता येईल, आणि खरंच बोर्ड गेला असेल तर पुढे काय, असं त्यांनी विचारलंय.

मॅडम, नुसतं बटण दाबून बोर्ड, म्हणजे आतला मुख्य मदरबोर्ड, गेलाय हे कोणालाच कळत नाही. लॅपटॉप गप्प आहे एवढंच कळतं, आणि ते तुम्हाला घरीच कळलं होतं. बोर्ड खरंच गेलेलाही असू शकतो. पण ‘बोर्ड गेला’ या दोन शब्दांत चार्जिंग जॅकची सुटलेली वायरही बसते आणि जळालेला प्रोसेसरही बसतो. पहिलं काम तासाभराचं, दुसऱ्यात लॅपटॉप बहुधा भंगारात. म्हणून खिशात हात घालण्याआधी एकच गोष्ट शोधायची: वीज कुठपर्यंत पोचतेय आणि कुठे अडतेय.

त्याच्याही आधी आठवून बघा, शेवटचा चालू होता तेव्हा काय काय झालं होतं. रात्री विजा कडाडत होत्या का, लाइट ये-जा करत होते का, चार्जर रात्रभर लावलेला होता का, कोणी चहा-पाणी सांडून गुपचूप पुसून ठेवलंय का (मुलं हे आठवड्याने सांगतात), बंद करताना स्क्रीनवर अपडेटचं काही चाललं होतं का. शेवटचा मुद्दा वाटतो तितका किरकोळ नाही. हल्ली विंडोज अपडेटमधूनच कंपन्या बायोसचंही (विंडोजच्याही आधी लॅपटॉप सुरू करणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रामचं) अपडेट पाठवतात. ते चालू असताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, आणि नेमकं तेव्हाच माणूस घाबरून बटण दाबून धरतो. तुमच्याकडे दिवाच लागत नाही, म्हणजे पहिला संशय वीज आत जाण्याच्या वाटेवर. तिथूनच सुरुवात करू.

भिंतीपासून सुरू करा. चार्जर दुसऱ्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये नको. सॉकेटपासून विटेपर्यंतची (चार्जरच्या चौकोनी ठोकळ्यापर्यंतची) जाड केबल विटेत कधीकधी अर्धवट बसलेली असते, ती दाबून बसवा. यात हसण्यासारखं काही नाही, दुरुस्तीला आलेल्या ‘डेड’ लॅपटॉपपैकी काही इथेच बरे होतात.

आता चार्जरवर दिवा असेल तर तो नीट बघा, कारण तो फुकटात बरंच सांगतो. लॅपटॉपला न जोडता दिवा लागत नसेल, तर चार्जर किंवा त्याची केबल गेली. न जोडता लागतो, पण पिन लॅपटॉपमध्ये घातल्याक्षणी विझतो, तर लॅपटॉपच्या बाजूला शॉर्ट आहे: जॅकमध्ये किंवा बोर्डवर. चार्जर स्वतःला वाचवायला वीज तोडतो, आणि सॉकेटमधून काढून पुन्हा लावेपर्यंत बऱ्याचदा परत येत नाही. असं होत असेल तर पुन्हा पुन्हा लावून बघू नका. दिवा लागलेलाच राहतो आणि लॅपटॉप तरीही गप्प, तर पुढे वाचा.

घरात कोणाकडे मल्टिमीटर असेल तर गोल पिनच्या चार्जरचा व्होल्टेज मोजता येतो. विटेच्या लेबलवर आउटपुट लिहिलेला असतो, बहुतेक १९, १९.५ किंवा २० व्होल्ट. इथे एक फसगत ठरलेली आहे. डेल आणि एचपीच्या पिनेत मधोमध जी बारीक सुई दिसते, तिच्यातून लॅपटॉपला लागणारी मुख्य वीज येत नाही. ‘हा चार्जर कोणता, किती वॅटचा’ एवढं लॅपटॉपला कळवण्यासाठी ती असते. लोक मीटरच्या वायरचं लाल टोक (प्रोब) त्या सुईला लावतात, १९ व्होल्ट दिसत नाहीत, आणि चांगला चार्जर कचऱ्यात जातो. लाल प्रोब पिनेच्या नळीच्या आतल्या भिंतीला टेकवायचा, काळा बाहेरच्या बाजूला. ती सुई तुटली किंवा वाकली असेल, तर लॅपटॉप सहसा चालू होतो पण बॅटरी चार्ज करत नाही, आणि बॅटरी संपली की एक दिवस चार्जर काढल्यावर अचानक बंद पडतो.

मीटरवर १९ दिसले म्हणजे चार्जर निर्दोष सुटला असंही नाही. बिनभाराचा १९ दाखवणारा जुना चार्जर भार पडला की कोसळतो. खात्री करायची तर त्याच व्होल्टेजचा, तितक्याच किंवा जास्त वॅटचा, तसल्याच पिनेचा चार्जर शेजारून आणून लावा. जास्त वॅटचा चालतो, लॅपटॉप हवे तेवढेच अँपिअर ओढतो. व्होल्टेज मात्र जुळलाच पाहिजे.

तुमचा चार्जर यूएसबी-सीचा असेल तर गणित वेगळं. तिथे आधी बोलणी आणि मग देणंघेणं: जोडल्यावर सुरुवातीला फक्त ५ व्होल्ट येतात, चार्जर आणि लॅपटॉप एकमेकांशी ठरवतात, आणि मग बहुतेक लॅपटॉपसाठी २० व्होल्ट सुरू होतात. म्हणून मोबाइलचा २० वॅटचा चार्जर बसतो खरा, पण लॅपटॉप त्याला दाद देईलच असं नाही. त्यातून दोन सी पोर्ट असले तर दोन्हींतून चार्जिंग होतंच असंही नाही. पोर्टशेजारी विजेचं किंवा प्लगचं चिन्ह आहे का बघा. केबलच्या मध्ये लावायचे छोटे यूएसबी-सी मीटर स्वस्तात मिळतात. त्यावर ५ व्होल्ट आणि शून्य अँपिअर दिसले, तर बोलणी फिसकटली: केबल, चार्जर, पोर्ट किंवा पोर्टमागची चिप यांपैकी कशात तरी दोष. २० व्होल्ट दिसले, तर वीज दारापर्यंत नीट आलीय आणि दोष पुढे आहे. हा एक आकडा दुकानात सांगितलात तरी समोरचा माणूस बोलताना जरा जपून बोलतो. पोर्टमध्ये टॉर्च मारूनही बघा. कापसाचे तंतू, चुरा, कधी मुंगी. काडी लाकडाची वापरा, टाचणी नको.

एवढं करून चार्जर ठीक निघाला की मग तो प्रसिद्ध उपाय, बटण तीस सेकंद दाबून धरण्याचा. यामागे अंधश्रद्धा नाही. लॅपटॉप बंद असतो तेव्हाही बोर्डवरची एक छोटी चिप जागी असते. तिला एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात, दुकानात आम्ही ‘ईसी’ किंवा ‘आयओ’ म्हणतो. तुमचं बटण थेट प्रोसेसरला जोडलेलं नसतं, ते या चिपला कळवतं आणि ती पुढचे सगळे व्होल्टेज क्रमाने चालू करते. विजेच्या झटक्याने किंवा अर्धवट झोपेतून ही चिप अडकली, तर बटण कितीही दाबा, ऐकणारं कोणी नसतं. तिची वीज पूर्ण तोडली की ती नव्याने सुरू होते.

चार्जर काढा, पेनड्राइव्ह, माउस, मेमरी कार्ड, सगळं काढा. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढा. बटण तीस ते चाळीस सेकंद दाबून धरा, सोडा, मिनिटभर थांबा. मग बॅटरी न लावता फक्त चार्जर लावून बटण एकदाच दाबा. बॅटरी आतली असेल तर नुसतं बटण धरूनही बऱ्याच मॉडेलांत काम होतं. थिंकपॅडसारख्या काही लॅपटॉपना खालच्या बाजूला टाचणीएवढं रीसेटचं भोक असतं, तिथे पेपर क्लिपचं टोक हलकेच दाबायचं. यानेही काही नाही झालं, तर चार्जर लावून अर्धा तास तसाच राहू द्या. पूर्ण रिकामी झालेली बॅटरी कधीकधी तेवढा वेळ मागते. (नवा कोरा लॅपटॉप खोक्यातून काढल्यावर चालू होत नाही म्हणून परत पाठवणारेही आहेत. कारखान्यातून बॅटरी झोपवून पाठवलेली असते, पहिल्यांदा चार्जर लावल्याशिवाय ती उठत नाही.)

एक गोष्ट मात्र आत्ताच बघा. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगतोय का? टचपॅड वर आलाय का, खालचं झाकण कडेला फाकलंय का? तसं असेल तर बॅटरी फुगलीय. मग वरचं काहीही करू नका. चार्जर लावू नका, झाकण दाबून बसवू नका, स्क्रू आवळू नका. थेट दुकान गाठा.

तुमच्याकडे यातून दिवा लागला पण स्क्रीन काळीच राहिली, तर तो निराळा रोग झाला, आणि खरं सांगायचं तर सोपा. कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो का? होत असेल तर मशीन जिवंत आहे, फक्त दिसत नाही. अंधारात स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र दिसलं तर मागचा प्रकाश गेलाय. एचडीएमआयने टीव्ही जोडून बघा. डेलचा असेल तर डी हे बटण धरून पॉवर दाबा. स्क्रीन लाल, हिरवी, निळी अशी पूर्ण रंगांत उजळली तर पॅनल चांगलं आहे. लॅपटॉपखाली दुसरा लॅपटॉप किंवा चुंबकाचं कव्हर असलेला फोन ठेवला असेल तर तोही काढा. झाकण मिटलंय हे लॅपटॉपला चुंबकावरूनच कळतं, आणि परक्या चुंबकानेही तो फसतो.

दिवा लुकलुकत असेल तर मोजा, मोबाइलवर व्हिडिओ काढून मोजा. डेलमध्ये नारिंगी दोनदा आणि पांढरा तीनदा म्हणजे रॅम सापडत नाही. दोन आणि चार म्हणजे रॅम खराब. दोन आणि सात म्हणजे स्क्रीन. तीन आणि एक म्हणजे आतली नाण्याएवढी बॅटरी. इतर कंपन्यांचेही असे संकेत असतात, मॉडेलचं नाव टाकून त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. रॅमचा दोष असेल तर कोकणात त्याचं कारण बहुधा दमट हवा. घाटाखालून पावसाळ्यानंतर येणाऱ्या मशीनमध्ये रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर दिसतो, कधी स्लॉटच्या पायांवर हिरवट बुरशीसारखा. बॅटरीचा कनेक्टर काढून रॅम बाहेर काढायची, पट्टी पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासायची, चुरा झटकायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, आणि ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवायची. रॅम दोन असतील तर एकेक लावून बघा. डीडीआर५ रॅमच्या नव्या मशीनमध्ये रॅम काढून घातल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. त्या वेळात बटणाला हात लावू नका.

हे सगळं होऊनही तुमचा लॅपटॉप निपचितच असेल, तर आता तो दुकानात जाणार. पण ज्या दुकानात मीटर आणि डीसी सप्लाय (हवा तो व्होल्टेज देणारा, अँपिअर दाखवणारा डबा) टेबलावर दिसतो अशा दुकानात. चांगला कारागीर काय करतो ते सांगतो, म्हणजे समोर काय चाललंय ते तुम्हाला कळेल.

तो खालचं झाकण काढेल, बॅटरीचा कनेक्टर सोडवेल आणि तुमच्या चार्जरऐवजी बाकावरच्या सप्लायने १९ व्होल्ट देईल. आता सगळं लक्ष अँपिअरच्या आकड्यावर. बटण दाबण्याआधी ०.०१ ते ०.०३ च्या आसपास असेल, तर जागी राहणारी चिप आणि तिचे ३.३ व ५ व्होल्ट बहुधा ठीक. ठार शून्य असेल, तर जॅक किंवा त्याच्यापुढचे मॉस्फेट (बोर्डवरचे छोटे इलेक्ट्रॉनिक स्विच) वीज सोडत नाहीत. आकडा एकदम वर जाऊन सप्लायने मान टाकली, तर शॉर्ट. बटण दाबल्यावर आकडा थोडा चढून परत खाली आला, तर क्रमातला एखादा व्होल्टेज तयार होत नाहीये. हे बघायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, आणि ‘बोर्ड गेला’ या वाक्याला अर्थ येतो तो यानंतर.

शॉर्ट निघाला तर घाबरू नका, दुरुस्तीत हा त्यातल्या त्यात समाधानाचा प्रकार. १९ व्होल्टच्या मुख्य वाटेवर तांदळाच्या दाण्याहून लहान, मातकट रंगाचे सिरॅमिक कपॅसिटर डझनांनी असतात. त्यातला एखादा तडकला की तो वीज अडवण्याऐवजी बहुधा शॉर्ट होतो आणि अख्खा बोर्ड खाली बसवतो. डोळ्यांनी तो बाकीच्यांसारखाच दिसतो. मग त्या वाटेवर १९ ऐवजी फक्त एखादा व्होल्ट द्यायचा, पण अँपिअर भरपूर सोडायचे, आणि बोर्डवर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरायचं. ओला बोर्ड चमकत असतो. दोन-तीन सेकंदांत एका ठिकाणी मोहरीएवढा कोरडा ठिपका पडतो आणि मोठा होत जातो. तिथला कपॅसिटर तापलाय, तोच चोर. गरम हवेच्या यंत्राने (हॉट एअर) तो उचलला की शॉर्ट असेतो वाजणारा मीटरचा बझर थांबतो. ज्यांच्याकडे थर्मल कॅमेरा आहे त्यांना अल्कोहोलही लागत नाही. त्या भागाची किंमत नगण्य, तुम्ही मोजता ती तो शोधण्याची. म्हणून ‘एवढ्याशा पार्टचे एवढे?’ असं म्हणू नका, पण ‘कोणत्या लाइनवर काय सापडलं’ हे जरूर विचारा. काम केलेला माणूस ते सांगतो, काढलेला भागही दाखवतो.

‘चिप गरम करून देतो, चालू होईल’ असं कोणी म्हणालं तर मात्र नमस्कार करून उठा. या युक्तीचा उगम खरा आहे. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या सदोष ग्राफिक्स चिपांपायी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली होती. त्या काळातल्या अशा चिपा तापवल्या की आतला तुटलेला जोड तात्पुरता टेकायचा आणि लॅपटॉप काही दिवस चालायचा. दोष चिपच्या आत, म्हणून तो परत यायचाच. तुमच्या दिवा न लागणाऱ्या लॅपटॉपला तर या तापवण्याचा काही संबंधच नाही.

पाणी किंवा चहा सांडल्याचं घरात कोणी कबूल केलं, तर आतापर्यंतचं सगळं बाजूला ठेवा आणि चालू करून बघणं थांबवा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, तांदूळ बोर्डखालचा ओलावा ओढत नाही, उलट पोर्टमध्ये पीठ जातं. बोर्ड नासतो तो ओलावा आणि वीज एकत्र आल्याने. आणि बंद लॅपटॉपमध्येही बॅटरी जोडलेली असेतो ते ३.३ आणि ५ व्होल्ट चालूच असतात, म्हणजे ‘दोन दिवस वाळवला’ म्हणता तेव्हा आत दोन दिवस तांबं कुरतडलं जात असतं. पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. पुढे बोर्ड सोडवून अल्कोहोलने ब्रशने धुवावा लागतो. दूध-साखरेचा चहा साध्या पाण्यापेक्षा वाईट. पुराचा चिखल त्याहून वाईट, जुलै २०२१ नंतर हे चिपळूणकरांना मी सांगायला नको.

आता तुमची निकालपत्रकं आणि फोटो. लॅपटॉप चालू होत नाही म्हणजे माहिती गेली असं नाही, ती वेगळ्या तुकड्यावर असते. दुरुस्तीला देण्याआधी दुकानात तुमच्यासमोर डिस्क काढून घ्या. जुन्या धाटणीची अडीच इंची सपाट डिस्क असेल तर साध्या यूएसबी-साटा केबलने दुसऱ्या संगणकावर उघडते. च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम-डॉट-टू एसएसडी असेल तर तिची खाच बघा: टोकाला एक खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई प्रकारची, दोन असतील तर बहुधा साटा प्रकारची. दोन्हींचे यूएसबीने जोडायचे डबे वेगळे मिळतात, चुकीच्या डब्यात चांगली एसएसडीही मेलेली वाटते. दोन्ही चालणारा डबा घेतला की प्रश्न मिटतो. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये मात्र साठवण बोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते, आणि टी२ चिप किंवा ॲपलची स्वतःची चिप असलेल्या मॅकबुकमधली माहिती त्याच बोर्डाशी बांधलेली असते. तिथे माहिती हवी तर तोच बोर्ड जिवंत करावा लागतो, बदलून उपयोग नाही.

आणि डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर कुलूप दिसून ४८ आकडी रिकव्हरी की मागितली, तर दुकानदाराने काही बिघडवलेलं नाही. विंडोज डिस्क कूटबद्ध करून (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी) ठेवतं, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने विंडोज टाकताना हे बऱ्याच मशीनवर आपोआप होतं. बोर्ड बदलला तरी हाच प्रश्न येतो. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने तुम्ही लॅपटॉप सुरू करायचात, त्या खात्यात मोबाइलवरून लॉग इन करून उपकरणांच्या यादीत ही की सापडते. दुकानात जाण्याआधी आजच तिथे बघा आणि कागदावर उतरवून ठेवा. खातं शाळेचं असेल तर शाळेचा संगणक सांभाळणाऱ्यांना विचारा, ती त्यांच्याकडे असू शकते. बोर्ड बदलायचाच ठरला, तर जुना बोर्ड परत मागा आणि डिस्क घरी ठेवून मगच लॅपटॉप सोडा.